अवसेला अण्णांकडे

वाशिमच्या घरात मला जाग यायची ती आईच्या शिलाई मशीनच्या आवाजानं. आई उजाडायच्या आत मशीनवर बसायची, कारण सकाळी बायका पोलकी न्यायला दारात उभ्या राहायच्या आणि एकदा का कुणाला ‘थोडं थांबा’ म्हटलं, की ती पुढच्या खेपेला दुसरीकडे कापड टाकेल, अशी तिला कायम धास्ती असायची. पायाखालची पट्टी खडखड चालायची, मधेच थांबायची, दातानं दोरा तोडल्याचा बारीकसा आवाज यायचा आणि पुन्हा खडखड सुरू. साखऱ्याला, वडिलांच्या गावच्या घरात जाग यायची ती बैलांच्या गळ्यातल्या घंट्यांनी आणि आत्याच्या ओरडण्यानं. आत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच राहायला आली होती आणि घरातल्या कोंबड्या, शेजारीण, चूल आणि देव या सगळ्यांशी ती एकाच पट्टीत बोलायची. मला दोन्ही आवाज आवडायचे. अडचण एवढीच होती की ते एका सकाळी कधी ऐकू यायचे नाहीत.

आई-अण्णांचं का फाटलं ते मी इथे लिहिणार नाही. दोघंही आता नाहीत, आणि एकाची बाजू मांडायला गेले तर दुसरा स्वप्नात येऊन भांडेल. त्या दोघांनी माझ्यासमोर एकमेकांबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही, असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण ते खोटं होईल. काढायचे, आणि चांगले तिखटमीठ लावून काढायचे. मी सात-आठ वर्षांची असताना आई मशीन आणि मला घेऊन वाशिमला माहेरी आली, एवढं पुरे आहे. माझे आजोबा, आबा, तिथे तहसीलमध्ये कारकून होते. शेती त्यांच्याही घरात होती, पण आबांनी तरुणपणीच नांगर सोडून लेखणी हातात धरली होती आणि तेव्हापासून त्यांना प्रत्येक गोष्ट नियमात बसवल्याशिवाय चैन पडत नसे. घरात अंघोळीचाही क्रम ठरलेला होता, आणि तो आजीनं मोडला की आबा दिवसभर उपरण्यानं वारा घेत बसायचे.

माझी वाटणी झाली ती नरसीच्या देवळात. दोन्ही घरांना ते देऊळ परकं नव्हतं आणि कुणा एकाच्या दारात जावं लागत नव्हतं, म्हणून दोन्हीकडची चार-चार माणसं तिथल्या ओवरीत बसली. मला प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा देऊन खांबाशी बसवलं होतं. लेकरू लहान आहे, पोरीची जात आहे, शाळा वाशिमला चांगली आहे, तेव्हा ती आईकडे राहील, यावर फारशी खळखळ झाली नाही. अण्णा खाली मान घालून बसले होते. मग साखऱ्याकडचे एक म्हातारे म्हणाले, “अन् बापानं लेकराचं तोंड कवा पाहावं?” आबांनी सुचवलं, रविवारी. त्यावर साखऱ्याची माणसं हसली. “रविवार शाळंला अन् कचेरीला, पाव्हनं. रानाला कशाचा रविवार? पेरणी आली त बाप रविवारी औत सोडून येईल व्हय?” मग त्याच म्हाताऱ्यांनी तोड काढली. अवसेला, म्हणजे अमावस्येला, आमच्याकडे बैल जुंपत नाहीत. किती का घाई असेना, त्या दिवशी औत बंद. म्हणजे शेतकरी महिन्यातून एकदा नक्की मोकळा असतो. तेव्हा दर अवसेला पोरीनं बापाकडे जायचं, दुसऱ्या दिवशी परत यायचं. आणि पोरीच्या पोटाला म्हणून सुगी झाली की अण्णांनी वाशिमला जोंधळा, तूर आणि हळद पोचती करायची. सगळ्यांना ते पटलं. देवळाबाहेर येऊन दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र चहा घेतला. मला तेव्हा वाटलं, भांडण मिटलं.

नाही म्हणायला आजीची कुरकुर होती. अवसेच्या दिवशी शहाणी माणसं लेकराला उंबऱ्याबाहेर काढत नाहीत आणि हे लोक तिला एसटीत घालतात, असं म्हणत ती दर खेपेला माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवायची आणि फ्रॉकच्या खिशात एक लिंबू घालायची. साखऱ्याला पोचलं की आत्या पहिल्यांदा माझा खिसा तपासायची. “आमच्या घरात काय भुतं बसलीत व्हय गं?” असं म्हणत ते लिंबू घ्यायची आणि रात्रीच्या वरणावर पिळायची. तिच्या हातचं तुरीचं वरण इतकं घट्ट असायचं की भाकरीवर घेतलं तरी ओघळायचं नाही. जोडीला दगडावर रगडलेला ठेचा, आणि हंगाम असला तर अंबाडीची भाजी. वाशिमला आजी गोड वरण, भात, पोळ्या असं करायची, पण तिच्या डब्यातली डाळ साखऱ्याची असायची, भाकरीचा जोंधळा साखऱ्याचा असायचा. आत्या पोत्यांची तोंडं शिवताना त्यात कडुनिंबाचा पाला घालायची. वाशिमला पोतं सोडलं की स्वयंपाकघरात त्या वाळल्या पाल्याचा कडसर वास पसरायचा आणि आई उगाचच खिडकी उघडायची.

देवाणघेवाण व्हायची ती कनेरगाव नाक्यावर. वाशिमहून हिंगोलीच्या गाडीत बसलं की मधे नाका लागतो. आईला ते सोपं होतं. अण्णांना साखऱ्याहून दोन गाड्या बदलून यावं लागायचं, पण वाशिमला सासुरवाडीच्या दारात उभं राहायचं त्यांना नको होतं आणि साखऱ्याच्या वेशीत पाय ठेवायचा आईला नको होता. नाक्यावर एक हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, पुढे दोन बाकडी, एक बाज आणि कढई. मालकाला सगळे मामा म्हणायचे. आई एका बाकड्यावर बसायची, अण्णा दुसऱ्यावर, आणि मी या बाकड्यावरून त्या बाकड्यावर ये-जा करायची. दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत. सगळं माझ्यामार्फत. “उषे, त्यांना सांग, खोकला हाय तुला, थंड पाणी देऊ नका.” ते दोन हातांवरून अण्णांना स्पष्ट ऐकू जायचं, तरी मी जाऊन सांगायची. “माय, तिला म्हणाव, आत्या काढा करती, फिकीर करू नको.” मी परत यायची. मामा मला कांद्याची भजी द्यायचे आणि मी एकेक भजं इतकं हळू खायची की तोवर एखादी गाडी निघून जायची. मग दोघांनाही पुढच्या गाडीपर्यंत बसावं लागायचं. त्या वेळात अण्णा आपली पिशवी सोडून मध्ये बाजेवर ठेवायचे. कधी ओल्या शेंगा, कधी बोरं, कधी ज्वारीचा हुरडा. आई रस्त्याकडे बघत हात लांबवायची आणि चार दाणे तोंडात टाकायची. माझ्या आठवणीत आई, अण्णा आणि मी एकत्र जेवलो असू ते एवढंच.

मी आता नांदेडला राहते. पन्नाशी कधीच मागे पडली. समोरच्या इमारतीतल्या एका तरुण जोडप्याचा काडीमोड झालाय आणि महिन्यातल्या ठरलेल्या शनिवारी बाप गाडी घेऊन फाटकाशी येतो. आईच्या मोबाइलवर निरोप येतो, पोरगं पाठीला दप्तर अडकवून खाली उतरतं, बाप काच खाली करतो, आई वर गॅलरीतच उभी असते. सगळं कसं वेळेवर. कुणाला कुणाची वाट बघावी लागत नाही. ते चांगलंच आहे, मी नावं ठेवत नाही. पण त्या पोराला भजी हळू खायची सोय नाही, हे माझ्या मनात येतंच.

अवसेचं हे गणित वर्षभर बरं चाललं. शाळेत बाई दर महिन्याला गैरहजेरीचं कारण विचारायच्या आणि मी ‘अमावस्या’ म्हणून सांगितलं की वर्ग हसायचा, इतकंच. दिवस कोणता ते आबा भिंतीवरच्या कॅलेंडरात बघायचे आणि साखऱ्याला गावातला गुरव सांगायचा. मग श्रावण संपत आला आणि पोळा आला.

त्या वर्षी पोळा रविवारी होता. पोळा अवसेलाच असतो, तेव्हा मी शनिवारीच पिशवी भरून ठेवली होती. अण्णा आदल्या खेपेला म्हणाले होते, लाल्या आणि चांद्याला पुरणपोळीचा घास यंदा तूच द्यायचा. रविवारी सकाळी मी फ्रॉक घालून, वेण्या घालून तयार झाले, तर आबा चष्मा कपाळावर सारून कॅलेंडरासमोर उभे. “अमावस्या आज दुपारी लागते आहे,” ते म्हणाले. “सूर्योदयाला जी तिथी, ती त्या दिवसाची. म्हणजे अमावस्या उद्याची, सोमवारची.”

आई मशीनवरून उठून आली. “आबा, पण पोळा आज हाय ना? तिकडं पोळा असंल तवाच बोलावलं असंल हिला.”

“पोळा ही बैलांची गोष्ट झाली. आपलं ठरलंय ते अमावस्येचं. आणि मला सांग, पोळ्याच्या दिवशी बैल सोडून शेतकरी नाक्यावर येऊन बसेल का? तो आज घर सोडूच शकत नाही. उद्या मोकळा होईल.”

हे शेवटचं आईला पटलं. कुणालाही पटलं असतं. वर्षातून एक दिवस बैलांचा. त्या दिवशी त्यांना नदीवर धुवायचं, शिंगं रंगवायची, झूल घालायची, वाजतगाजत तोरणाखालून न्यायचं, आणि घरच्या धन्यानं त्यांच्या पाया पडायचं. बापाचं मयत असलं तरी माणूस आधी बैलांना घास देऊन मग खांदा द्यायला जाईल, असे आमच्याकडचे लोक. तेव्हा आई पुन्हा मशीनवर बसली. दुपारी गावाबाहेरच्या वस्तीवरून ढोलाचा आवाज आला आणि मी पिशवीवर डोकं ठेवून रडले, तर आजीनं मातीची बैलजोडी आणून माझ्यापुढे ठेवली. मी ती भिंतीवर आपटून फोडली.

सोमवारी आम्ही मायलेकी नाक्यावर गेलो. अण्णा नव्हते. आईनं मामांना विचारलं, “आले होते का?” मामा कढईत झारा फिरवत म्हणाले, “आज त न्हाई दिसले, ताई.” मामांची स्वतःची बैलजोडी होती आणि रविवारी ते हॉटेल बंद करून आपल्या गावी पोळा करत होते, हे त्यांना सांगायचं कारण नव्हतं आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही. आम्ही बसून राहिलो. हिंगोलीकडून गाडी आली की आई पदर सारखा करायची, गाडी गेली की पुन्हा सैल बसायची. दुपार झाली, भजी खाऊन झाली, पुन्हा भूक लागली. शेवटी सावल्या लांबल्यावर ती म्हणाली, “चल.” गाडीत तिनं मला मांडीवर घेतलं, आणि मी तेव्हा मांडीवर मावत नव्हते. घरी आल्यावर ती आबांना म्हणाली, “आला न्हाई तो.” तोवर तिनं अण्णांना रागातसुद्धा कधी ‘तो’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

पुढच्या अवसेला आबांनी मला पाठवलं नाही. ज्यानं शब्द मोडला त्याच्याशी शब्द पाळायची सक्ती नाही, असं त्यांचं म्हणणं. मग सुगी झाली आणि साखऱ्याहून पोतं आलं नाही. तिकडून एका सोयऱ्याबरोबर निरोप मात्र आला: “पोरगी न्हाई, त जोंधळाबी न्हाई.” आबा संतापानं लाल झाले. आता मला कुणी वकील सांगतात, की ताई, मुलाला भेटणं आणि मुलाला पोसणं या कायद्यानं दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक बंद झाली म्हणून दुसरी बंद करता येत नाही. असेल. पण त्या दोन माणसांच्या डोक्यात त्या एकाच दाव्याला बांधलेल्या होत्या, आणि दावं मी होते. आईनं पेठेतून ज्वारी आणायला सुरुवात केली. त्या भाकरीला कसलाच वास नव्हता. मी ती खायची नाही, आई चिडायची, एकदा तिनं मला मारलं आणि मग दोघी चुलीपुढे बसून रडलो.

आबांनी वाशिमच्या कोर्टात पोटगीसाठी अर्ज टाकला. अण्णांनी हिंगोलीच्या कोर्टात माझ्या ताब्यासाठी. आणि दोन्ही वकिलांचं पहिलं भांडण मी कुणाची यावर नव्हतंच; ते होतं, मी राहते कुठे यावर. मूल ज्या ठिकाणी एरवी राहतं, तिथल्याच कोर्टाला त्याचा निवाडा करता येतो, असं काहीसं होतं. अण्णांचे वकील म्हणायचे, घर साखऱ्याला, रेशनकार्डात नाव साखऱ्याला, जन्म तिथला, वाशिमला ती फक्त शिकायला. आमचे वकील म्हणायचे, शाळा वाशिमला, आई वाशिमला, साखऱ्याला ती महिन्यातून एक रात्र पाहुणी. मधे फार अंतर नव्हतं, पण नाक्याच्या पलीकडे जिल्हा वेगळा, कोर्ट वेगळं, माणसांची बोलायची ढबसुद्धा जरा वेगळी. मला रात्री झोप लागायची नाही. दोन्ही कोर्टं मला एकेका हाताला धरून ओढतील आणि जे जिंकेल त्याच्या पलीकडचं माणूस मला पुन्हा कधीच दिसणार नाही, अशी माझी पक्की समजूत झाली होती. ती अगदीच खुळी होती असं मला आजही म्हणवत नाही.

हिंगोलीची तारीख आली. गाडीत आबांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं: “साहेबांनी विचारलं, कुणाकडे राहायचं, की म्हणायचं आईकडे. मोठ्यानं. अडखळायचं नाही.” कोर्टाच्या व्हरांड्यात आत्या आली होती. तिनं मला खांबाआड ओढलं, शेंगदाण्याचा लाडू माझ्या तोंडात कोंबला आणि म्हणाली, “बापाकडं राहायचं म्हणून सांग, माय. तुह्या बापानं जेवण टाकलंय.” मी लाडू चावत मान डोलावली. आबांपुढेही डोलावलीच होती. अण्णा थोड्या अंतरावर भिंतीला टेकून उभे होते. त्यांची दाढी वाढली होती. ते माझ्याजवळ आले नाहीत, वकिलानं सांगितलं असावं. नुसता हात वर केला.

न्यायाधीश उतारवयाचे होते आणि त्यांना पडसं झालेलं होतं. वकिलांचं रेशनकार्ड आणि शाळेचा दाखला बराच वेळ ऐकून घेतल्यावर त्यांनी रुमालानं नाक पुसलं आणि सरळ अण्णांनाच विचारलं, “वर्षभर सगळं सुरळीत चाललं होतं ना? मग बिनसलं कशावरून?”

अण्णांना कोर्टात बोलायची सवय नव्हती. ते एकदम म्हणाले, “साहेब, पोळ्याला दिवसभर बसलो जी मी. हॉटेल बंद होतं, नाक्यावरच लिंबाखाली बसलो. गाडी न्हाई भेटली त अर्ध्या वाटेपस्तोर पायी आलो होतो. बैल नुसते धुऊन उभे केले अन् आलो. म्हणलं, पोरीला घेऊन येतो, मंग शिंगं रंगवू. दिवस मावळला तरी कोणी आलं न्हाई. माह्या घरचे बैल तोरणाखालून गेले न्हाईत त्या साली. गावात तोंड दाखवायला जागा राहिली न्हाई. काहून केलं असं यांनी?”

“खोटं हाय!” आई उभीच राहिली. “आमी आलो होतो. अवसेला बराबर आलो होतो. संध्याकाळपर्यंत बसलो, विचारा या लेकराला.”

न्यायाधीशांनी रुमाल खाली ठेवला. “पोळा तर अमावस्येलाच असतो.”

त्यावर आबा उठले. नियमाची गोष्ट निघाली की त्यांना राहवत नसे. “साहेब, पोळा रविवारी होता. परंतु उदयतिथीप्रमाणे अमावस्या सोमवारची होती, त्यामुळे आम्ही सोमवारी...” वाक्य अर्ध्यावरच तुटलं. ते तसेच उभे राहिले, हात पुढच्या बाकावर टेकून. कोर्टात कुणीतरी फिसकन हसलं. आई हसली नाही. ती अण्णांकडे बघत होती, सरळ, मान वर करून, नाक्यावर कधी बघितलं नव्हतं तसं. पोळ्याच्या दिवशी. बैल सोडून.

लोकांना वाटतं, चूक कळली की राग उतरतो. तसं काही झालं नाही. अण्णा खाली बसले, पण त्यांचा पोळा काही परत येणार नव्हता. वकील पुन्हा रेशनकार्डावर आले. न्यायाधीशांनी त्यांना थांबवलं आणि मला एकटीला आपल्या खोलीत बोलावलं.

खोलीत पंखा होता आणि टेबलावर काचेचा गोळा. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, कितवीत आहेस, पाढे येतात का, असं विचारलं. मग म्हणाले, “घाबरू नको. मी कुणाला रागवणार नाही. तुला कुठे राहावंसं वाटतं, एवढंच सांग.”

त्यांनी ‘कुणाकडे’ विचारलं असतं तर मी नक्की अडकले असते. दोन्ही पाठ केलेली उत्तरं तोंडात तयार होती आणि कुठलंही म्हटलं तरी एक माणूस जात होतं. पण त्यांनी ‘कुठे’ विचारलं. मी म्हटलं, “नाक्यावर.”

“कुठल्या नाक्यावर?”

“कनेरगावच्या. मामांच्या हॉटेलात.”

त्यांना हसू आलं. “तिथे काय आहे?”

“तिथं आई पण येते, अण्णा पण येतात.”

ते हसायचे थांबले. मग त्यांनी मला पाणी दिलं आणि शिपायाबरोबर बाहेर पाठवलं.

बाहेर येऊन त्यांनी जे सांगितलं त्यातलं मला अर्धंच कळलं. हिंगोलीचं कोर्ट की वाशिमचं, याचा निर्णय ते पुढच्या तारखेला देतील. तोवर दोन्ही घरांनी आपसात बसून बघावं. यापुढे तिथी चालणार नाही, इंग्रजी तारीख धरावी. धान्य आणि भेट एकमेकांवर अडवू नये. आणि मग, वकिलांकडे न बघता, आई आणि अण्णा दोघांकडे बघून ते म्हणाले, “मुलीला मी विचारलं, कुठे राहायचं. ती म्हणाली, नाक्यावर. कारण तिथे तिला तुम्ही दोघं दिसता.” एवढं सांगून ते पुढच्या प्रकरणाकडे वळले. आत्यानं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, मी काहीतरी फार चुकीचं बोलले.

स्टँडवर अण्णा आणि आत्या साखऱ्याच्या वाटेवरच्या सेनगावच्या गाडीची वाट बघत एका टोकाला उभे होते, आम्ही वाशिमच्या गाडीसाठी दुसऱ्या टोकाला. आबा मधे उभे राहून कुणाकडेच बघत नव्हते. एकाएकी आईनं माझा हात सोडला आणि ती चालत त्या टोकाला गेली. मी तिच्यामागे धावले, निरोप सांगायला मी लागेन म्हणून. पण ती मला काही बोललीच नाही. अण्णांसमोर उभी राहून म्हणाली, “बैलांना घास कोणी दिला मग?”

अण्णा गांगरले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, सवयीनं. मग तिला म्हणाले, “रात्री येऊन म्याच देल्ला. अंधारात.”

“बरं,” आई म्हणाली, आणि परत आली.

गाडीला गर्दी होती. आबांना आणि आईला कशीबशी जागा मिळाली, मी आईच्या गुडघ्यांशी उभी. आबा इतके म्हातारे मला त्या दिवसापर्यंत कधी दिसले नव्हते. त्यांनी एकदाच म्हटलं, “माझी गणना चुकली नव्हती.” कंडक्टर तिकिटाचा पंच टकटक वाजवत आमच्यापर्यंत आला तेव्हा आबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, “वाशिम. दोन पूर्ण, एक अर्धं.”

“वाशिम एकच द्या,” आई म्हणाली. “अन् कनेरगाव नाका, एक पूर्ण, एक अर्धं.”

“नाक्यावर आता काय काम?” आबांनी विचारलं.

“खोली बघायची.”

“कुणासाठी?”

“आमच्या दोघींसाठी. शाळा हाय तिथं. बायका तिथंबी पोलकी घालतात.” तिनं पिशवीतून पैसे काढून कंडक्टरपुढे धरले. “मी त्यांच्या घरात जाणार न्हाई आबा, त्याची काळजी नका करू. पण त्यांचं रान उचलून आणता येत न्हाई. माही मशीन उचलता येते.”

आजूबाजूची माणसं ऐकत होती. आबांना ते फार लागलं असणार, चारचौघांत, गाडीत. ते हळूच म्हणाले, “लोक काय म्हणतील, नवरा एकीकडे, बाप एकीकडे, आणि बाई रस्त्यावर खोली करून राहिली. कोर्टानं असं काही सांगितलेलं नाही.”

“कोर्टानं न्हाई सांगितलं,” आई म्हणाली. “हिनं सांगितलं.”

कंडक्टरनं तिकिटं फाडली. आबांनी आपलं वाशिमचं एकट्याचं घेतलं आणि ते चष्म्याच्या खिशात ठेवलं. आमची दोन आईनं माझ्या हातात दिली आणि नाका येईपर्यंत मी ती मुठीत घट्ट धरून उभी होते.